गच्चीवरचं वाळवण

ऑफिसातून आलो, इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावली आणि चरफडत गच्चीवर गेलो. सूर्य बुडाला होता. दिवसभर इथं सोलरची पॅनेलं तळपत होती, तेव्हा गाडी ऑफिसच्या तळघरात उभी होती. आता ती पितेय ती कोळशाची वीज. उद्या गावातल्या सगळ्याच गाड्या विजेच्या झाल्या आणि दिवेलागणीला एकदम चार्जिंगला लागल्या, तर ऊन आणायचं कुठून?

पॅनेलांच्या कडेला शेजारच्या काकू वाळलेल्या कुरडया गोळा करत होत्या. “कडकडीत वाळल्यात बघ,” त्या म्हणाल्या, “आता वर्षभर बघायला नको.”

मी त्यांच्यापुढे डबा धरला. चैत्रातलं हे ऊन काकू श्रावणात तळून वाढतील. आणि आम्हाला दुपारचं ऊन दिवेलागणीपर्यंत टिकवता येत नाही!