यंत्र कुणाच्या हाती

मार्लिस हाउटालाने यादी पेन्सिलीनेच लिहिली होती, पण या खेपेला खोडरबर हातात घ्यायचं नाही असं तिने स्वतःला बजावलं होतं. शनिवारच्या रोबॉट-स्पर्धेत टॅमरॅक बे शाळेच्या वाट्याला सहा सामने येणार होते. मुलं आठ. त्यातली दोघं पाने-स्क्रूड्रायव्हर सांभाळण्यातच खूश होती. उरलेल्या सहा जणांना प्रत्येकी दोन सामने: एकात रोबॉटची चाकं चालवायची, दुसऱ्यात त्याचा हात. हिशेब चोख बसत होता. तिने यादी कार्यशाळेच्या दारावर चिकटवली आणि मुलं वाचायला जमली तेव्हा मुद्दाम पाठ फिरवून ड्रिलची पातं पुसत बसली.

चौदा वर्षं ती हा संघ चालवत होती आणि अशी यादी तिने कधीच केली नव्हती. कागद गिरणीत तिची सत्तावीस वर्षं लेथवर गेली. गिरणी बंद पडल्यावर ती काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सरकारी गॅरेजमध्ये बर्फ ढकलणाऱ्या गाड्या दुरुस्त करू लागली. संघाच्या बाबतीत तिचा नियम सरळ होता. ज्याचा हात बसलाय त्याच्याकडे कंट्रोल, बाकीच्यांनी रोबॉट धडधाकट ठेवायचा. मुख्य हंगामात तर ठीकच, पण ऑक्टोबरच्या स्पर्धेतही तेच चाले. वास्तविक ही स्पर्धा सरावाची, तिचा निकाल कुठेही धरला जात नाही. तरी मार्लिसला हार सोसवत नसे.

मग गेल्या उन्हाळ्यात पेट्रोल पंपावर डेलेनी भेटली. चार वर्षं संघात होती, दोन वर्षांपूर्वी शाळा संपवून गेलेली. काउंटरवर कॉफीचे पैसे घेत होती. मार्लिसने विचारलं, काय गं, अजून आठवतं का सगळं? डेलेनी सुटे परत देत शांतपणे म्हणाली, "चार वर्षं मी चाकं पुसली, बाई. ते आठवतं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मार्लिसला काहीतरी उत्तर देता आलं असतं. गाडीत येऊन बसल्यावर तिला गिरणीतले दिवस आठवले. बाईमाणसाला मोठ्या लेथवर उभं करायला फोरमनला अकरा वर्षं लागली होती, आणि त्या अकरा वर्षांत तिने त्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं.

तशात जूनमध्ये तीन वर्षं रोबॉट चालवणारा मुलगा पास होऊन गेला. मागे राहिलेल्यांपैकी सामन्यात कंट्रोल धरलेलं कुणीच नव्हतं. एकटा कॉर्बिन लाफ्रेनिये त्याच्या बापाच्या शेडमध्ये सराव करून तयार झाला होता. पोरगा खरोखर चांगला होता. बाप डग शाळेच्या मंडळावर होता. रोबॉट न्यायचा बंद ट्रेलरही त्याचाच. आणि मंडळाचं पत्र मार्लिसच्या ड्रॉवरमध्ये होतं: मुलांची संख्या बारावर गेली नाही तर नोव्हेंबरच्या बैठकीत संघाचा निकाल लागणार, कार्यशाळेची खोली कुस्तीवाल्यांना जाणार. सात जणांचं मंडळ. त्यात डगचं मत मोलाचं होतं, आणि तो शनिवारी स्वतः बघायला येणार होता.

तिचा नवरा रे गिरणी बंद झाल्यावर दूरच्या ग्रीन बे शहरात नोकरीला गेला होता. हा हंगाम संपला की मी येते, असं तिने त्याला सांगितलं होतं. त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. संघ बंद झाला तर इथे राहायला तिला दुसरं निमित्त नव्हतं. हे रेला माहीत होतं, पण तो कधी बोलून दाखवत नसे. तेच तिला जास्त लागे.

स्पर्धा पन्नास मैलांवरच्या एका मोठ्या शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळांच्या बंदिस्त हॉलमध्ये, होती. या खेळात तीन शाळा एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला असतात. अडीच मिनिटांत जमिनीवरच्या कड्या उचलून उंच खुंट्यांवर अडकवायच्या. चालवणारी मुलं काचेच्या भिंतीमागे उभी राहतात. त्यांच्या मागे मार्गदर्शक असतो. तो बोलू शकतो, पण कंट्रोलला हात लावू शकत नाही.

पहिला सामना यादीप्रमाणे झाला. दोन पोरं घाबरत उभी राहिली, दोन कड्या लावल्या, हरली आणि हसत परत आली. मार्लिसला जरा श्वास घेता आला.

दुसऱ्या सामन्यात चाकांवर ब्रिन वेसाला होती आणि हातावर कॉर्बिन. ब्रिन पंधरा वर्षांची, बोलायला लाजाळू. वायरिंग मात्र अशी करायची की मार्लिसला परत तपासावी लागत नसे. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. मार्लिसने मांस-बटाट्याच्या पास्टीचा अर्धा तुकडा पुढे केला तर तिने नको म्हणून नुसती मान हलवली. काचेमागे उभी राहिल्यावर मात्र तिचे हात स्थिर होते. मार्लिसने ते पाहिलं होतं. तिने रोबॉट सावकाश पुढे नेला, कडी नीट हाताच्या पकडीसमोर आणली, कॉर्बिनने ती उचलली. आता वळून खुंट्यांकडे जायचं. ठरलेलं असं होतं की वळण पूर्ण होईपर्यंत हात खाली ठेवायचा. वर घेतला तर सगळं वजन वर जातं. ब्रिन वळू लागली आणि त्याच क्षणी कॉर्बिनने हात वर घेतला. घाईत, दोन सेकंद आधी. रोबॉट एका बाजूला कलला, बघता बघता आडवा झाला आणि तसाच पडून राहिला. अजून दोन मिनिटं बाकी होती.

त्या दोन मिनिटांत करण्यासारखं काहीच नव्हतं. चाकं हवेत फिरत होती. ब्रिनने कंट्रोल सोडलं नाही, बोटं तशीच दाबून धरली होती, जणू सोडली तर आणखी काहीतरी पडेल. कॉर्बिनने एकदा मागे वळून मार्लिसकडे पाहिलं. तिने नजर दुसरीकडे वळवली.

सामना संपल्यावर बरोबरच्या दोन शाळांची माणसं तोंडदेखलं "होतं असं" म्हणून गेली. संघातला एक मुलगा ब्रिनला म्हणाला की एवढ्या जोरात वळायचं नसतं. ब्रिन म्हणाली, "चुकलं माझं." कॉर्बिन बॅटरी काढत होता. तो काही बोलला नाही. मार्लिसही बोलली नाही. तिने रोबॉटच्या कोपऱ्यातली वाकलेली पट्टी पाहिली आणि हातोडी मागितली.

तेवढ्यात डग गॅलरीतून उतरून आला. दोघं एकाच शाळेत शिकलेले, त्यामुळे तो तिच्याशी आडपडदा ठेवत नसे.

"मार्लिस, काय चाललंय हे? मला मंडळापुढे जाऊन सांगायचंय की हा संघ ठेवण्यासारखा आहे. काय सांगू? उलटा पडलेला रोबॉट पाहिला म्हणून?"

"सगळ्यांना शिकायला मिळावं म्हणून..."

"शिकतील की बुधवारच्या सरावात, शाळेत. इथे माझ्या पोराला चालवू दे. मी माझा म्हणून म्हणत नाहीये, तुलाही माहितीय."

तिलाही माहीत होतं. तिने खिशातून यादी काढली. खोडरबर पेन्सिलीच्या टोकालाच होतं. तिसऱ्या आणि चौथ्या सामन्यातली चाकांची नावं खोडून तिने दोन्हीकडे कॉर्बिन लिहिलं. ज्यांची नावं गेली त्यातल्या एका मुलीची आई सुट्टी घेऊन बघायला आली होती. मुलीने आईला जाऊन काहीतरी सांगितलं, आणि आई हातातला फोन पर्समध्ये ठेवून बसली.

कॉर्बिनने तिसरा सामना जिंकून दिला. सात कड्या लावल्या. जिममध्ये टाळ्या पडल्या, डग उभा राहून शिट्टी वाजवत होता. मार्लिसने संघातल्या बाकीच्या मुलांकडे पाहिलं. दोघं फोनमध्ये होती, एक जण झोपल्यासारखा बॅगेवर पडला होता. ब्रिन तिथे नव्हती. चौथा सामना थोडक्यात हातातून गेला, तेव्हाही कुणी फारसं वाईट वाटून घेतलं नाही. जिंकणं जसं त्यांचं नव्हतं, तसं हरणंही नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत ती ब्रिनला शोधायला गेली. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या एका बंद दाराखाली तिचे बूट दिसले. उलटीचा वास येत होता. मार्लिसने हाक मारली. आतून आवाज आला, "मी ठीक आहे, बाई. येते." ती बराच वेळ आली नाही. मार्लिस बाहेर आपल्या पिकअपमध्ये जाऊन बसली. काचेवर गारठलेलं पाणी पडत होतं. तिने रेला फोन लावला, पण तो कामावर होता, फोन वाजत राहिला. उचलला असता तरी काय सांगणार होती? एका पंधरा वर्षांच्या पोरीला दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेताना मी पाहिलं आणि हातोडी मागितली, असं? स्टिअरिंगवर कपाळ टेकून ती बसून राहिली. संघ वाचवायचा असेल तर गप्प बसणं पुरेसं होतं. फक्त दोन सामने उरले होते. पण आपण नेमकं काय वाचवतोय?

आत येऊन तिने सगळ्यांना रोबॉटभोवती जमवलं. ब्रिन पांढरीफटक होऊन मागे उभी होती. डगही होता.

मार्लिस म्हणाली, "सकाळी रोबॉट पडला तो ब्रिनमुळे नाही. ती बरोबर वळत होती. हात आधी वर गेला. मी मागेच उभी होते, मला दिसलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, ही माझी चूक."

कॉर्बिनच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढली. तो खाली बघत इतकंच म्हणाला, "हो. घाई झाली माझी." तेवढ्यावर थांबलं असतं तर निभावलं असतं. पण सगळ्यांदेखत पोराचा पाणउतारा झाला हे डगला सोसवेना. मुलांसमोर असं बोट दाखवणारी बाई मुलं सांभाळायच्या लायकीची नाही, असं तो म्हणाला आणि कॉर्बिनला जॅकेट घालायला सांगितलं. कॉर्बिनला जायचं नव्हतं. तो दारापर्यंत तीनदा थांबला. पाच मिनिटांनी ट्रेलर पार्किंगमधून निघून गेला.

मार्लिसने ब्रिनला विचारलं, पाचवा चालवतेस का? ब्रिनने नको म्हणून मान हलवली. मग ज्यांची नावं खोडली होती त्यांना तिने उरलेले दोन्ही सामने दिले. दोन्ही हरले. शेवटच्या सामन्यात एकही कडी लागली नाही. संध्याकाळी त्यांनी रोबॉट मार्लिसच्या पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यात चढवला, ताडपत्री घातली, चार पट्ट्यांनी आवळला. पन्नास मैल ती चाळीसच्या वेगाने आली. वाऱ्याने ताडपत्रीचा एक कोपरा सुटला आणि घरी पोचेपर्यंत वायरिंगमध्ये पाणी शिरलं होतं. ब्रिनचं वायरिंग.

नोव्हेंबरच्या बैठकीत तिला बोलायला तीन मिनिटं मिळाली. कुणी किती सामन्यांत कंट्रोल धरलं हे तिने सांगितलं. एका सदस्याने विचारलं की जिंकले किती. एक, ती म्हणाली. मुलं आता सातच होती. डगने संघ बंद करायच्या बाजूने हात वर केला. पाच विरुद्ध दोन, संघ बंद.

खोली रिकामी करायला सहा मुलं आली. ब्रिन आली नाही. चार दिवस मार्लिस जाऊ की नको करत राहिली, आणि पाचव्या दिवशी गॅरेजमधून थेट वेसालांच्या दारात गेली. ब्रिनच्या आईने दार उघडलं, आत या म्हणाली नाही, नुसती हाक मारून बाजूला झाली. ब्रिन मोजे घालून पायरीवर आली.

मार्लिसने माफी मागितली. ती वाट बघत होती की पोरगी म्हणेल, जाऊ द्या.

"तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं तर बरं झालं असतं," ब्रिन म्हणाली. "नाहीतर मग सांगायचंच नाही. आधी सगळ्यांना वाटलं माझ्यामुळे रोबॉट पडला. आता वाटतं माझ्यामुळे कॉर्बिन गेला आणि संघ बुडाला. शाळेत माझ्याशी कोण बोलतंय?"

सकाळपासून भुरभुरणारा बर्फ पायरीवर साठत होता, आणि पोरीच्या पायात फक्त मोजे. आत जा, थंडी आहे, एवढंच तिला सुचलं.

ब्रिन आत गेली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, पलीकडच्या काउंटीतल्या संघात बाहेरची मुलं घेतात का?

"घेतात. पण चाळीस मैल आहे. आणि त्यांचे ड्रायव्हर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ठरलेत, मी विचारलं होतं. तुला कंट्रोल मिळणार नाही."

"मला कंट्रोल नकोय. वायरिंगला कुणी आहे का त्यांच्याकडे?"

वायरिंगला त्यांच्याकडे कुणी नव्हतं. जानेवारीपासून मंगळवार-गुरुवार मार्लिस ब्रिनला आणि आणखी एका मुलाला घेऊन जाते. तिथला मार्गदर्शक तिशीतला आहे. त्याला मार्लिसची गरज नाही, तो तिला भागांची मोजदाद करायला बसवतो. जाता-येता ब्रिन बहुतेक गप्पच असते. बर्फामुळे कधी दोन-दोन तास लागतात. रेने फेब्रुवारीत विचारलं की आता तर संघही नाही, मग कशाला थांबलीस? तिने सांगितलं की पोरीला अजून गाडीचं लायसन्स नाही, मे महिन्यापर्यंत तरी येता येणार नाही. रे म्हणाला, मग टायर बदलून घे मागचे.