पाठीमागचे हात

आमच्या दैनिकाच्या संपादकीय विभागात अलकाताई स्नेहलच्या खुर्चीमागे उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. स्नेहल पहिलं पान प्रथमच एकटीने लावत होती. एरवी ताईंनी कीबोर्ड केव्हाच स्वतःकडे ओढला असता. पण कार्यालयाने वरिष्ठांना मार्गदर्शन करायला एक कोच नेमला होता आणि त्याने ताईंना विचारलं होतं, "तुम्ही रजेवर गेलात, तर पान कोण लावेल?"

मथळा जागेत मावेना. "ताई, तुम्हीच करा ना!"

"माझे हात अडकलेत."

स्नेहल हसली आणि मथळा खोडून पुन्हा लिहू लागली.

उत्तर ठाऊक असताना गप्प राहणं हेही कौशल्य आहे, आणि तेही कुणाकडून तरी शिकावं लागतं.

अखेर मथळा नेमका बसला. ताईंनी पान वरपासून खालपर्यंत वाचलं.

"पाठव छपाईला," त्या म्हणाल्या. "आणि उद्या मी रजेवर आहे."