बाबांच्या गाठीला मानवणारी दोरी

मागच्या वैशाखात बाबांच्या गळाला लागलेली मरळ गरीसकट सुटली आणि दोष माझ्या दोरीवर आला. ती मीच नागपूरहून आणली होती. पॉलिमर रसायनशास्त्र शिकणारी मुलगी मासेमारीची दोरी निवडते तेव्हा आकडे पाहूनच निवडते. दोरी विणलेली होती, शिवणाच्या धाग्याइतकी बारीक, आणि वेष्टनावर छापलेली ताकद बाबांच्या नेहमीच्या नायलॉनच्या कितीतरी पुढची.

मुलचेऱ्याच्या बाजूला आमचे गाव आहे. उन्हाळ्यात गावतलावाचे पाणी मांडीपर्यंत उतरले की गावाने ठरवलेल्या एका सकाळी तो सगळ्यांसाठी मोकळा होतो. त्या सकाळी जाळे चालत नाही. बांबूची काठी, तिच्या टोकाला दोरी, दोरीला गरी आणि गरीवर जिवंत बेडकी, एवढेच साहित्य. कमळाच्या पानांमध्ये बेडकी नाचवायची आणि मरळीने झडप घातली की एका झटक्यात उचलायचे. दोरी सोडायला चाक नसते, त्यामुळे माशाचा सगळा जोर गाठीवर येतो. बाबा ढिवर, म्हणजे पिढीजात मासेमार आहेत; त्या दिवसाची सर्वांत मोठी मरळ बहुतेक वर्षी त्यांचीच असते. मागच्या वर्षी मात्र काठी वाकली, पाणी उसळले आणि दोरी गरीशिवाय रिकामी वर आली.

शेजारच्या काकूंनी तिथेच निकाल दिला, "पोट्टीनं मासोळीले नथ घालून सासरी धाडलं."

तलाव हसला. मी दोरीचे टोक हातात घेतले. तुटलेल्या विणीचे धागे विस्कटतात. हे टोक डुकराच्या शेपटीसारखे वळलेले होते. म्हणजे दोरी तुटलीच नव्हती, गुळगुळीत असल्यामुळे गाठीतून निसटली होती. निदान अचूक होते, पण काठावर ते ऐकायला कोणी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणलेले रीळ आढ्याला खोचलेले दिसले आणि काठीला जुने नायलॉन परत आले होते. काकूंच्या नथीपेक्षा ते मला अधिक लागले. बाबांनी माझ्या निवडीची दोरी पुन्हा काठीला बांधावी, एवढीच वर्षभर माझी इच्छा होती.

दिवाळीत घरी गेले तेव्हा मी त्यांना अनेक वेढ्यांची नवी गाठ शिकवायला बसले. जाळ्याच्या कामाने जाड झालेली त्यांची बोटे दोन वेढ्यांपर्यंत माझे ऐकत आणि तिसऱ्याला आपल्या वाटेने जात. शेवटी त्यांनी दोरी खाली ठेवली.

"हे गाठ माह्या बापानं शिकवली, माय. माहा हात नाई बदलत आता. तू दोरी बदल."

मला राग आला होता. परतीच्या बसमध्ये लक्षात आले की प्रयोगाची मांडणी त्यांनीच मला करून दिली आहे. गाठ स्थिर राशी, दोरी बदलती. मी मात्र गाठीचा विचारच न करता दोरी निवडली होती.

मोहफुलाच्या दिवसांत मी चार दोऱ्या घेऊन गेले. गोठ्याच्या वाशाला एक टोक बांधले, दुसऱ्याला फुले तोलायचा ताणकाटा. सगळ्या गाठी बाबांकडूनच बांधून घेतल्या. प्रत्येक गाठ आवळण्यापूर्वी ते तिला थुंकी लावत. ही निव्वळ सवय असावी असे मी धरून चालले होते.

"कोरडी आवळली तं जळते," ते म्हणाले.

मी दोन्ही प्रकार तपासले. कोरड्या आवळलेल्या गाठी दरवेळी आधी तुटल्या, आणि गाठीपाशीच. घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन दुबळे होते हे मी परीक्षेत लिहिले होते. ते ज्यांनी बोटांनी ओळखले होते ते माझ्यासमोर उकिडवे बसले होते.

संध्याकाळी मी वहीतल्या आकड्यांत सर्वांत जाड दोरीवर खूण केली. बाबांनी ती वही पाहिली आणि चारही दोऱ्या माठात बुडवून ठेवल्या.

"मासा गोठ्यात रायते का वं?"

सकाळी चित्र बदलले. नायलॉन पाणी पिते आणि थोडे खचते. सर्वांत बारीक दोरी त्यातच बाद झाली. जाड दोरी टिकली, पण रिळाचे वेटोळे विसरेना, बेडकी पाण्यावर सरळ बसेना. पाणी न पिणारी एक महागडी दोरी होती. ती बुडत होती आणि बेडकीलाही खाली ओढत होती. उरली मध्यम जाडीची, मळकट हिरवी. तिच्यात बाबांची गाठ घट्ट बसली, आणि झटका बसला की ती किंचित ताणून जोर जिरवत होती. बाबांनी तिला तीनदा हिसका दिला आणि काठीला बांधली.

यंदा तलावात काकू आमच्या शेजारीच उभ्या होत्या.

"काऊन वं, यंदा मासोळीले बुगडी आणली का?"

तेवढ्यात पानाखाली पाणी फुटले. काठी कमानीसारखी वाकली. मरळ कमळाच्या देठांत शिरली, दोरी देठांवर करकरली. सगळे मासा पाहत होते. मी फक्त दोरी पाहत होते, तिच्या पाण्याखालच्या टोकाला बाबांची गाठ होती. ती सुटली नाही. बाबांनी एक पाऊल मागे घेतले आणि मरळ काठावर आदळली, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी. माझी मान इतकी ताठ झाली की दुखू लागली.

काकू पाण्यातून वर आल्या आणि त्यांनी माशाचा जबडा उघडून नीट पाहिला.

"नथ नाई. मागच्या सालचा हा नव्हे." मग बाबांकडे हात पसरला. "भाऊ, वावभर दोरी दे मले."

"मले काऊन मागतं? तिले माग. दोरी तिची हाये," बाबा म्हणाले आणि गरी सोडवू लागले.

मी वावभर नव्हे, दोनदा हात पसरून पुरी दोन वाव कापून दिली. काकू तिथेच गाठ मारू लागल्या.

"काकू, आवळताना थुंकी लावा."

"हे तुले नागपूरले शिकवते का वं?"

"नाई काकू. घरी."