वैऱ्याचं गाढव

बाबा आणि मोठे काका यांच्या चिकूच्या वाड्या एकमेकींना लागून आहेत. मधल्या बांधावरून आमचा टेम्पो रस्त्याला लागायचा. एका उन्हाळ्यात मोठ्या काकांनी तिथे काटेरी तार ओढली आणि हद्दीचा दगड, बाबांच्या म्हणण्याप्रमाणे, चांगला हातभर आमच्या बाजूला सरकवला. बाबांनी सरकारी मोजणीसाठी अर्ज केला आणि सख्खे भाऊ बोलेनासे झाले. मला दोन्ही घरी चहा मिळायचा, पण इकडचं तिकडे बोलायचं नाही, हे न सांगताच ठरलेलं होतं.

आमच्या शेजारी एक निवृत्त स्टेशनमास्तर राहायचे. ते बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळचे रायगडकडचे. बोलणं आपल्यासारखंच मराठी, वाण्याच्या दुकानात गेले की गुजराती. शुक्रवारी दिवस मावळला की त्यांचा मोबाइल कपाटात जायचा. शनिवार त्यांचा धर्माने ठरवलेला विश्रांतीचा दिवस; गाडीत बसायचं नाही, गॅस पेटवायचा नाही. नोकरीत असताना हे जमलं नव्हतं, कारण गाड्या शनिवारीही धावायच्या. निवृत्तीनंतर ते जास्तच काटेकोर झाले. त्यांच्याकडच्या मटणात दह्याऐवजी नारळाचं दूध असे; मांस आणि जनावराचं दूध एकत्र शिजवत नाहीत, असं त्यांनी आईला सांगितलं होतं.

बाबा संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसत आणि जुन्या हिब्रू लोकांचे नियम विचारत. शेत कापताना कोपरे सोडायचे, ते गरिबाचे आणि परक्याचे. गच्चीला कठडा बांधायचा, नाहीतर कुणी पडलं तर दोष घरधन्याचा. नव्या झाडाची फळं पहिली तीन वर्षं खायची नाहीत. हा शेवटचा नियम बाबांना फार पटला. "कलम अंग धरतं त्यानं," ते म्हणाले.

मग एकदा मास्तरांनी सांगितलं, शेजाऱ्याची हद्दीची खूण हलवायची नाही, जो हलवील त्याला शाप आहे. बाबा तर एकदम सावरूनच बसले. पुढचे काही दिवस त्यांनी हे भाजीवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलं. मोठ्या काकांच्या कानावर जावं असाच बेत असणार, आणि तसं ते गेलंही.

मास्तरांना ते आवडलं नसावं. एका संध्याकाळी मी बाबांना जेवायला बोलवायला गेले तेव्हा मास्तर म्हणत होते, "त्याच शास्त्रात आणखी एक आहे. ज्याच्याशी आपलं वैर आहे त्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं, तर पुढे निघून जायचं नाही. त्याच्याबरोबर हात लावून उठवायचं."

"आणि तो नुसता बघत उभा राहिला तर?"

"तर आपणही मोकळे, असं आमच्या जुन्या जाणत्यांनी म्हटलंय. त्याच्या*बरोबर* म्हटलंय ना."

"बरं आहे," बाबा म्हणाले, "डहाणूत गाढवं नाहीत."

त्या हिवाळ्यात एका शनिवारी बाबा माझ्याबरोबर वेवजीला आले. तिथल्या ओळखीच्या माणसाकडून त्यांना आंब्याची कलमं हवी होती. मी तलासरीच्या शाळेत शिकवते. अर्धा दिवस शाळा करून आम्ही वेवजीला गेलो आणि दुपारी परत निघालो. रानशेतच्या अलीकडे वळणावर एक टेम्पो चरात कलंडला होता. क्रेट रस्त्यावर, चिकू गवतात. शेजारी मोठे काका कमरेवर हात ठेवून उभे. ड्रायव्हर एकटाच क्रेट ओढत होता.

"चल पुढे," बाबा म्हणाले.

मी गाडी पुढे नेली. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी काच खाली केली, वर केली. मग म्हणाले, "वळव."

ते गाडीतून उतरले आणि कुणाकडे न बघता एक क्रेट उचलला. दुसरा उचलला. मोठे काका अजून तसेच उभे. तेव्हा बाबा कमरेत वाकलेलेच, इतक्या महिन्यांनी भावाशी पहिलं वाक्य बोलले, "दादा, नुसता उभा राहणार असशील तर मी चाललो. शास्त्रात तसं आहे."

"कुठल्या शास्त्रात?"

"मास्तरांच्या. हात लाव आधी."

मोठ्या काकांनी हात लावला. टेम्पो रिकामा केला, जाणाऱ्या एका ट्रॅक्टरने तो ओढून काढला, पुन्हा भरला. चिकू पिकायला आले होते. फार दाबले गेलेले आम्ही बाजूला काढले. दोघं फक्त "इकडं धर", "हळू" एवढंच बोलले. टेम्पो हायवेकडे गेला. मोठे काका आमच्या गाडीत मागे बसले आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

समेट झाला नाही. बाबांनी मोजणीचा अर्ज मागे घेतला नाही आणि कुणी तसं म्हटलंही नाही. मोजणीवाले आले तेव्हा टेपचं एक टोक मोठ्या काकांनी धरलं. दगड सरकला होता, पण बाबा म्हणायचे त्याच्या निम्माच. तो पूर्वीच्या जागी बसवला. तारेत टेम्पोपुरतं फाटक आलं. आता ते पंपाच्या वेळा आणि फळगळ याबद्दल बोलतात. बाकीचं काढत नाहीत.

मास्तर पुढे मुलाकडे ठाण्याला गेले. बाबा त्यांना रविवारी फोन करतात. परवा विचारत होते, "मळणीच्या बैलाला मुसकं बांधायचं नाही म्हणता, मग त्यानं सगळंच खाल्लं तर?" मास्तर काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. बाबा बराच वेळ हसत होते.