न उघडलेल्या पानाचा पंचनामा

दौंडचा तो गुन्हा मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत खुनाचे आणि दरोड्याचे तपास केले. पण जुनी प्रकरणे सांगायला बसलो की आधी आठवते ती एका पामच्या झाडाची चोरी.

फिर्यादी रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर होते. वय सत्तरीच्या पुढे. गल्लीत सगळे त्यांना चाचा म्हणत. ठाणे अंमलदार हवालदाराने फिर्याद लिहायला घेतली आणि मध्येच पेन थांबवले.

"चाचा, आज झाडाची तक्रार लिहून घेतली, तर उद्या कुणीतरी गवताची घिऊन येईल."

"गवत आठ दिवसांत उगवतं, हवालदारसाहेब. ह्याला मला सात वर्षं लागली."

मी त्यांना आत बोलावले. भीमेच्या काठी, वडगाव रासाईच्या बाजूला शिंदीची झाडे आहेत. शिंदीत नर आणि मादी झाड वेगळे असते. चाचांनी एका बंगल्यातल्या नर खजुराचा पराग कागदाच्या पुडीत आणला आणि मादी शिंदीच्या फुलोऱ्यावर झटकला. ही मिश्र जात त्यांनी स्वतः केली होती. बिया घरच्या अंगणात कुंड्यांमध्ये लावल्या. रोपे हिरवीगार आणि जोमदार आली. त्यातली बरीच त्यांनी वाटून टाकली. एकाच रोपाच्या पानांवर पिवळे पट्टे उमटले. चोरीला गेले ते हेच.

"कलम करून दुसरं तयार करता येईल ना?" मी विचारले.

"न्हाई साहेब. ह्याला वर एकच कोंब असतो. फांदी न्हाई, फुटवा न्हाई. तो कोंब गेला म्हंजी झाड गेलं. असलं दुसरं माझ्या हयातीत व्हायचं न्हाई."

घरचे सगळे शिरूरला लग्नाला गेले असताना भरदुपारी दोन माणसांनी कुंडी उचलून टेम्पोत ठेवली होती. शेजारणीने ते पाहिले होते. चाचांनीच कोणाला तरी दिली असेल, असे तिला वाटले. टेम्पोचा नंबर कोणाकडे नव्हता. चार दिवस काहीच हाती लागले नाही.

पाचव्या दिवशी ठाण्यात एका बाईचा फोन आला. शिरूर तालुक्यातल्या एका नर्सरीत ती कामाला होती; दौंडच्या झाडचोरीची बातमी तिच्या कानावर गेली होती.

"साहेब, माझं नाव इचारू नका. आमच्या मालकानं एका झाडाची चांगली पानं कापून टाकली. पिवळी, नवी नवी. वाळकी पानं समदेच कापत्यात. चांगली कोन कापतं?"

त्या बाईने झाडांवर एकही पुस्तक वाचलेले नसेल. तिने जे पाहिले ते आमच्यापैकी कोणाच्याही नजरेतून सुटले असते.

शिरूरच्या ठाण्यात नोंद करून आम्ही नर्सरीत गेलो. मालक पन्नाशीचा, परिसरात वजन असलेला बागायतदार. त्याने खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला आणि मी काही मागण्याआधीच खिशातून बिल काढले. हिरवे मिश्र पाम, नग दहा. जाळीच्या सावलीत कुंड्याही दहाच होत्या. त्यातल्या एका झाडाची एका बाजूची चार पाने बुंध्याशी कापलेली होती. उरलेली पाने हिरवी होती.

"रोग पडला व्हता," तो म्हणाला.

"कापलेली पानं कुठं आहेत?"

"जाळली. रोग पसरला असता ना, साहेब."

दोन तास विचारपूस केली. तो कुठेही अडखळला नाही. एवढेच लक्षात राहिले की निर्दोष माणसाला बिल सहसा शोधावे लागते. याचे खिशातच होते. पण ते माझे मत झाले, पुरावा नव्हे. पंचांसमक्ष झाड जप्त करून दौंडला आणले.

चाचांकडे झाडाचे फोटो होते, पण फोटोतली पट्ट्यांची पानेच आता झाडावर नव्हती. ते कुंडीपाशी उकिडवे बसले. काटे सांभाळत त्यांनी कापलेले चारही देठ बोटांनी चाचपले. मग मधल्या मिटलेल्या कोंबाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"पिवळेपणा झाडाच्या ह्या एकाच बाजूला हाय. ह्या बाजूचं पान पट्ट्यांचं, पलीकडचं हिरवं. हा कोंब दोन्हीच्या मधे आलाय. ह्याच्या डाव्या पाती पिवळ्या निघतील, उजव्या हिरव्या."

"आणि नाही निघाल्या तर?"

"तर झाड त्यांना द्या. मी परत येनार न्हाई."

असा पंचनामा मी कधी केला नव्हता. त्यांचे म्हणणे शब्दशः लिहून घेतले. कोणती बाजू डावी, ते आकृती काढून नोंदवले. पंचांच्या सह्या घेतल्या. नर्सरीमालकालाही बोलावून वाचून दाखवले. तो हसला.

"लिहा की! आता पोलीस झाडाचं भविष्य बी बघाय लागले व्हय?"

झाड ठाण्याच्या आवारात उन्हाला ठेवले. पाणी शिपाई घाली. चाचांनी झाडाला हात लावायचा नाही, असे मी बजावले होते. ते रोज येत, दोन हात अंतरावर उभे राहून पाहत आणि जात.

नवव्या दिवशी कोंबाचे टोक उकलले. टोकाच्या पाती दोन्ही बाजूंनी हिरव्या होत्या. त्या दिवशी चाचांनी समोर आलेला चहा घेतला नाही. मी पंचनाम्याची प्रत काढून पुन्हा वाचली आणि आपण एका म्हाताऱ्याचे झाड घालवून बसलो, असे मला वाटले.

अकराव्या दिवशी सकाळी हवालदार धावतच आत आला. "साहेब, बाहेर या. आधी बाहेर या."

खालच्या पाती उकलल्या होत्या. त्यातल्या डावीकडच्या प्रत्येक पातीवर पिवळा पट्टा होता. उजवी बाजू अखंड हिरवी होती.

पंचांना बोलावून दुसरा पंचनामा केला. नर्सरीमालकाला आणले. त्याने पान पाहिले आणि खाली बसला. "तीन वर्षं येता-जाता रस्त्यावरनं बघत व्हतो मी हे झाड. असलं आपल्याकडं असावं, एवढंच मनात व्हतं. वाटलं, पानं काय, नवी येतीलच." टेम्पो कोणाचा होता आणि बिलातले दहावे झाड कुठे गेले, तेही त्याने सांगितले.

न्यायालयाने झाड चाचांच्या ताब्यात देण्याचा आदेश दिला. सुपूर्दनाम्याचा मजकूर ठरलेला असतो: मालमत्ता विकणार नाही, तिच्या स्वरूपात बदल करणार नाही, मागणी होताच आहे त्या स्थितीत हजर करीन. नोकरीत अशा शेकडो कागदांवर लोकांना सह्या करताना मी पाहिले होते. चाचांनी चष्मा लावला, सगळे वाचले आणि पेन खाली ठेवले.

"साहेब, हे मला लिहून देता येनार न्हाई."

"चाचा, छापील मजकूर आहे तो. सगळेच सही करतात."

"त्यांची गाडी असंल, सोनं असंल. माझं झाड महिन्याला पान काढतं. बदलनार न्हाई, असं खोटं कसं लिहू?"

बाहेर रिक्षा उभी होती. झाड न्यायला दोन नातू आले होते. चाचांनी त्यांना परत पाठवले आणि रिकाम्या हाताने घरी गेले. मी न्यायालयात अर्ज दिला. न्यायाधीशांनी तो वाचला, किंचित हसले आणि त्या ओळीपुढे स्वतःच्या अक्षरात तीन शब्द घातले: नैसर्गिक वाढ वगळता. दोन दिवसांनी चाचांनी सही केली.

तपासाला पुरावा लागतो, आणि तो मी गोळा केला याचे मला समाधान आहे. पण माणूस ओळखण्यात मी कमी पडलो. एका पानाच्या भरवशावर अकरा दिवस ज्यांच्या शब्दाची मी परीक्षा घेतली, ते स्वतःचे झाड समोर उभे असताना, एका छापील ओळीपायी ते तिथेच ठेवून घरी गेले.