चाकूवाला सिनेमा आणि पाहुण्यांचा चहा

आमच्या आंधळगावात मंडईच्या दिवशी पाहुणा नसलेलं घर लगेच ओळखू येतं. दिवाळी झाली की गावोगावी एकेक दिवस ठरवून मंडई, म्हणजे जत्राच, भरते, आणि लेकीबाळी, जावई, सोयरे त्या दिवशी यायचेच. दारात चपलांचा ढीग दिसला नाही तर लोक विचारतात. विचारण्यात आमचा गाव कोणाला हार जात नाही.

यंदा माझी लेक येणार होती, नातीला घेऊन. बायको गेल्यापासूनच्या मंडया मी एकट्यानेच काढल्या, म्हणून या वेळी अख्ख्या गल्लीला सांगून बसलो होतो. आणि सकाळीच पुण्याहून फोन.

"बाबा, सुटीच नाही भेटली जी. पुढच्या वर्षी नक्की."

"काही हरकत नाही," मी म्हटलं. हरकत होती. चांगली मोठी हरकत होती. त्याहून जास्त लाज वाटत होती.

दुपारी चौकात दंडारीचा नाच-नाटकाचा खेळ सुरू झाला. ढोलकी घरापर्यंत ऐकू येत होती. गेलो असतो तर पहिलाच प्रश्न, लेक आली का? म्हणून दार ओढून घेतलं, खाटेवर पडलो आणि मोबाइलवर जो सिनेमा समोर आला तो लावला. भाषा कुठली, देश कुठला, देव जाणे. एक जण चाकू घेऊन फिरतो आणि बाकीचे एकेक करून मरतात, त्या जातीचा. बायकोला असले सिनेमे फार आवडायचे. ती पडद्यावरच्या पोरींना ओरडून सावध करायची आणि मी शाळेच्या वह्या उचलून ओसरीत जायचो. कधी एक सिनेमा तिच्यासोबत बसून पाहिला नाही, याचं आता वाईट वाटतं.

हसायलाच बसलो होतो. रक्त बिटाच्या पाण्यासारखं. एकच खोली पडदे बदलून तीनदा दाखवलेली. खुन्याचा मुखवटा तर कानाजवळ उसवलेला. आमच्या मंडईतल्या नाटकवाल्यांनी याहून बरं रक्त केलं असतं.

पण मग एक म्हातारा चौकीदार आला. तो आता मरणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तो स्टुलावर बसून संत्रं सोलतो. अर्धं खातो, अर्धं सालीवर नीट ठेवतो आणि रस्त्याकडे पाहत राहतो. कोणी येत नाही. सिनेमावाल्याला घाई नव्हती. म्हाताऱ्याचं वाट पाहणं त्याने पुरतं दाखवलं, मग चाकू. आणि शेवटी पडद्यावर ते अर्धं संत्रं.

मी उठून बसलो. एवढ्या फुटकळ सिनेमात एवढं शहाणपण! पुढे प्रत्येकाचं तसंच. एकीच्या शर्टाची गुंडी लावायची राहिलेली, एक जण आईला फोन लावतोय आणि ती उचलत नाही. शेवटी एक पोरगी उरली. ती अंधारात थांबून मागे पाहू लागली आणि माझ्या तोंडून निघालंच, "पय माय, पय! मांगं नोको पाहू!"

पोरगी वाचली. मी टाळ्या वाजवल्या. किती दिवसांनी या घरात मोठ्याने बोललो होतो.

तेवढ्यात दारावर थाप. शेजारच्या वैनी, हातात ताट, ताटात तीन कप चहा आणि अनारसे. एकाच्या पाहुण्याला पहिला चहा शेजारच्या घरचा, ही आमची रीत.

"आली ना पोरगी? मले आवाज आला जी. म्या म्हटलं, गुर्जी नातीसंगं खेळून राहिले."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मी म्हणालो, "हो. आली. पडली आहे जरा, थकली प्रवासानं."

"पडू द्या, पडू द्या. निवांत भेटतो मंग."

ताट खाटेवर ठेवलं. माझा कप प्यायलो. बाकीच्या दोन कपांवर साय धरू लागली. घर पुन्हा गप्प झालं, आणि भिंत पातळ आहे. मी सिनेमा पहिल्यापासून लावला आणि आवाज मोठा केला.

चौकीदार संत्रं सोलायला बसला तेव्हा भिंतीपलीकडून हाक आली, "गुर्जी, चहात साखर बरोबर हाय काय, इचारा तिले!"

मी दोन कपांकडे पाहिलं.

"बरोबर आहे म्हणते," मी सांगितलं.