कुत्रीच्या बारशाच्या घुगऱ्या

भांडुपच्या आमच्या चाळीत कुणाचं बाळंतपण निघालं की पाणी तापवायला, चिंध्या धुवायला माझी बायको पहिली. बारशाला मात्र तिला दारातच थांबवायचे, कारण आम्हाला मूल नव्हतं. समोरच्या सुनेच्या वेळी हिने रात्रंदिवस केलं, आणि बारशाला त्या सुनेची सासू हिला म्हणाली, "पाळणा होऊ दे, मग ये गं." ही मग गेलीसुद्धा. माझं डोकं फिरलं होतं.

त्याच वर्षीची गोष्ट. ही रोज शिळी चपाती घालायची ती तांबडी कुत्री एका रविवारी दुपारी पोट ओढत आमच्या खोलीत आली आणि पलंगाखाली शिरली. मी म्हटलं, हाकल तिला. हिने जुनं लुगडं फाडायला घेतलं.

दोन पिल्लं आपसूक झाली. तिसरं अडकलं. मागचे पाय तेवढे बाहेर, आणि कुत्री विव्हळून दमलेली.

"अहो, डोकं धरा तिचं. चावली तर चावू दे."

मी धरलं. चावलीच. हिने चिंधीत पाय पकडले. कळ आली की हलकं ओढायची, कळ गेली की थांबायची. पिल्लू आलं ते निपचित. हिने त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसला आणि फडक्यात घेऊन चोळायला लागली. मी म्हटलं, सोड, मेलंय ते. ही चोळतच राहिली. मग ते उंदरासारखं चिरकलं आणि ही रडायला लागली. इतक्या वर्षांत तिला टोमणे ऐकून रडताना मी पाहिलं नव्हतं.

बाराव्या दिवशी हिने त्यांचं बारसं मांडलं. घुगऱ्या शिजवल्या, साडीचा पाळणा बांधला, दारोदार जाऊन बायकांना बोलावून आली. थट्टा नव्हती तिची. एकदा तरी तिच्या दारात बायका याव्यात, एवढंच होतं. समोरची सासू नळावर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "कुत्रीची सुईण झाली, आता आजी व्हायचंय बाईला." सून म्हणाली, येते.

कुणी आलं नाही. पाळण्याखालून पिल्लू देणारी एक लागते, घेणारी एक लागते. दिवेलागणीपर्यंत वाट बघून हिने माझ्याकडे पाहिलं. मी पलीकडे बसलो. हिने दिलं, मी घेतलं. शेजारच्या खोलीतून हसण्याचा आवाज येत होता. घुगऱ्या दोन दिवस आम्हीच खाल्ल्या, उरलेल्या कुत्रीला.

परवा माझ्या बायकोचं बारावं झालं. अख्खी चाळ जेवायला. जिवंतपणी जिला दारात थांबवलं, तिच्या नावाने पंगतीवर पंगत उठली. ती सूनही आली होती, आता स्वतःच सासू झालेली. डोळे पुसत म्हणाली, हाताला फार गुण होता हो त्यांच्या. मी तिच्या पानात घुगऱ्या वाढल्या.

"काका, बाराव्याला घुगऱ्या कोण करतं?"

"तेव्हाच्या राहिल्या होत्या तुझ्या. खा."

तिने मान खाली घातली आणि खाल्ल्या. मीठ घालायचं मी विसरलो होतो. तरी तिने एक दाणा पानात ठेवला नाही.